स्टॅक्ड सेन्सर म्हणजे ग्लोबल शटर नव्हे

नव्या कॅमेऱ्यांमधून शटरचा 'खटक्' आवाज हळूहळू नाहीसा होतो आहे. २०२१ मध्ये आलेल्या निकॉन झेड ९ मध्ये तर यांत्रिक शटर, म्हणजे सेन्सरसमोर उघडझाप करणारा पडदा, ठेवलेलंच नाही. तेव्हापासून 'स्टॅक्ड सेन्सर' आणि 'ग्लोबल शटर' या दोन शब्दांची गल्लत फार होते. दोन्हींची ओळख एकाच शब्दांत करून दिली जाते: आवाज नाही, वेगवान वस्तू वाकडी दिसत नाही, फोटो काढताना व्ह्यूफाइंडर काळा पडत नाही. आतलं काम मात्र अगदी निराळं आहे, आणि कॅमेऱ्यावर मोठी रक्कम घालण्याआधी ते समजून घ्यायलाच हवं.

बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, चित्र वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. मंद सेन्सरला त्यासाठी सेकंदाचा विसावा भागही लागतो. तेवढ्या वेळात ताशी १८० किलोमीटर वेगाचा टेनिसचा चेंडू अडीच मीटर पुढे गेलेला असतो. वरच्या ओळी आधीच्या क्षणाच्या आणि खालच्या नंतरच्या, म्हणून गोल्फची काठी धनुष्यासारखी वाकते आणि विमानाच्या पंख्याची पाती केळ्यासारखी दिसतात.

स्टॅक्ड सेन्सरमध्ये प्रकाश टिपणाऱ्या थराच्या मागे वेगवान सर्किट आणि मेमरीचे थर चिकटवलेले असतात. त्यामुळे वाचन झपाट्याने होतं; झेड ९ ला त्यासाठी साधारण १/२७० सेकंद पुरतो. तोच चेंडू आता जेमतेम १८ सेंटिमीटर सरकतो. तरीही वाचन ओळीओळीनेच चालू असतं. याच कॅमेऱ्याचा १/३२००० हा शटर वेग प्रत्येक ओळीपुरता खरा आहे. पहिली आणि शेवटची ओळ एकाच क्षणाची नसते.

ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि एकाच क्षणी मिटतात. जमलेला विद्युतभार प्रत्येक पिक्सेलशेजारच्या झाकलेल्या कप्प्यात जातो आणि मग सावकाश वाचला जातो. कल्पना नवी नाही. २००४ च्या निकॉन डी ७० मधला सीसीडी सेन्सर असंच काही करत होता, म्हणूनच त्याला १/५०० सेकंदाच्या शटर वेगालाही फ्लॅश जुळवता येई. फुल-फ्रेम मिररलेसमध्ये (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमध्ये) ही सोय सर्वप्रथम सोनी ए ९ थ्रीने आणली. त्याची घोषणा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली.

खरा फरक फ्लॅशमध्ये कळतो. फ्लॅश क्षणभरच लखलखतो आणि त्या क्षणी सगळ्या ओळी उघड्या हव्यात. ओळीओळीने वाचणाऱ्या स्टॅक्ड सेन्सरलाही म्हणून १/२०० किंवा १/२५० च्या आसपास थांबावं लागतं. त्यापुढे फ्लॅश तुकड्यातुकड्यांनी चमकवावा लागतो आणि त्याची ताकद घटते. ए ९ थ्री मात्र १/८०००० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळवतो. भर उन्हात, मागे लखलखीत आकाश असताना माणसाचा चेहरा उजळायचा असेल तर ही सोय अनमोल आहे. फक्त अतिवेगात फ्लॅशचा स्वतःचा झोतच कापला जातो, हे ध्यानात ठेवावं. डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यांचंही तसंच: एका फ्रेममध्ये काळे पट्टे येत नाहीत, पण लागोपाठच्या फ्रेम कमीजास्त उजळ येऊ शकतात.

आणखी एक गैरसमज आहे. ग्लोबल शटरने फोटो आपोआप 'गोठत' नाही. हललेला हात पुसट येणं हे एक्स्पोजर किती वेळ चाललं यावर ठरतं, आणि ते दोन्हींत सारखंच.

किंमत मोजावी लागते ती प्रकाशात. त्या कप्प्याला जागा लागते, म्हणून पिक्सेलमध्ये भार कमी मावतो. ए ९ थ्रीचा मूळ आयएसओ (प्रकाशाच्या संवेदनशीलतेची मूळ पातळी) २५० आहे, झेड ९ चा ६४. म्हणजे जवळजवळ दोन स्टॉपचं, प्रकाशाच्या चौपटीचं, अंतर. निसर्गचित्रांत, फोटो संपादित करून सावल्या उजळताना ते जाणवतं. रोजच्या फोटोग्राफीसाठी, अगदी पक्षी आणि खेळांसाठीही, मी स्टॅक्ड सेन्सरच सुचवेन. ग्लोबल शटर त्यांनी घ्यावं ज्यांचं काम फ्लॅश आणि वेगवान हालचाल एकत्र असल्याशिवाय होत नाही.

कॅमेऱ्याची माहितीपत्रिका हातात असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरचा फ्लॅश-जुळणीचा आकडा शोधा. तिथे १/२०० किंवा १/२५० लिहिलं असेल, तर तो सेन्सर कितीही वेगवान असला तरी ओळीओळीनेच वाचतो आहे.