चिमूटभर दारू आणि बिर्केनाऊचं बंड

नाझी काळातला ज्यूंचा सशस्त्र प्रतिकार म्हटलं की वॉर्सा घेटोतला (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतला) एप्रिल १९४३चा उठाव आठवतो. त्याच वर्षी त्रेब्लिंका आणि सोबिबोर या मृत्युछावण्यांतही कैद्यांनी बंड केलं. ७ ऑक्टोबर १९४४ला आउश्वित्झ-बिर्केनाऊ या पोलंडमधल्या नाझी मृत्युछावणीत झालेल्या बंडाबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं, आणि त्यामागच्या बायकांबद्दल तर त्याहून कमी.

हे बंड झोंडरकोमांडोचं. गॅस चेंबरमधून प्रेतं बाहेर ओढायची आणि भट्टीत जाळायची, या कामाला एसएसने, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी सशस्त्र दलाने, जुंपलेले हे कैदी, बहुतेक ज्यूच. १९४४च्या उन्हाळ्यात हंगेरीहून चार लाखांहून अधिक ज्यू आउश्वित्झला आणले गेले आणि त्यातल्या बहुतेकांना आल्या आल्या मारलं गेलं. पुढे गाड्या कमी झाल्या, तशी एवढ्या माणसांची गरज उरली नाही. सप्टेंबरमध्ये यातल्या सुमारे २०० जणांना एसएसने ठार केलं. पुढची पाळी आपली, हे उरलेल्यांना कळून चुकलं होतं.

लढायचं तर दारूगोळा हवा. तो मिळण्यासारखी जागा एकच होती, आउश्वित्झजवळचा युनियन कारखाना. तिथे ज्यू स्त्रिया जर्मन सैन्यासाठी फ्यूज, म्हणजे तोफगोळ्यांचा स्फोट घडवणारे भाग, बनवत. रेगिना साफिरश्टाइन आणि एस्तुसिया वाइत्सब्लुम स्फोटक दारूच्या खोलीत कामाला होत्या. पहारेकऱ्यांचा डोळा चुकवून त्या चिमूट-चिमूट दारू बाजूला काढत. कागदाच्या किंवा चिंधीच्या पुडीत बांधलेली ती दारू कपड्यांत दडवून बायका बराकीत नेत. एस्तुसियाची धाकटी बहीण हाना आणि आला गर्टनर यांच्यासारख्या इतर जणींच्या हातून ती पुढे रोझा रोबोटापर्यंत पोचे. रोझा पोलंडमधल्या चेहानुवची, तेवीस वर्षांची. बिर्केनाऊत मारलेल्यांचे कपडे निवडण्याच्या कामावर ती होती, आणि तिथून झोंडरकोमांडोपर्यंत माल पोचवता येई. परतताना अंगझडती होत असे. पुडी सापडली तर फाशी ठरलेली. तरीही हे महिनोन्‌महिने चाललं. बंदूक हाती असलेल्याचं धाडस मोठंच, पण मला हे रोजचं, मूठभरही नसलेलं धाडस अधिक थक्क करतं.

७ ऑक्टोबरला एसएस आणखी माणसं न्यायला आले, तेव्हा चौथ्या दाहगृहातल्या कैद्यांनी हातोडे, कुऱ्हाडी आणि दगड घेऊन त्यांच्यावर हल्ला चढवला आणि इमारत पेटवून दिली. धूर पाहून दुसऱ्या दाहगृहातलेही उठले, तारा तोडून बाहेर पडले. कोणीही सुटलं नाही. सुमारे २५० कैदी लढताना मारले गेले, आणखी सुमारे २०० जणांना नंतर गोळ्या घातल्या. एसएसचे तिघे ठार झाले. पण चौथं दाहगृह पुन्हा कधीच चाललं नाही.

दारू कुठून आली, याचा माग लावत एसएस कारखान्यापर्यंत पोचले. रोझा, आला, एस्तुसिया आणि रेगिना यांना बंकरमध्ये, म्हणजे छावणीतल्या तुरुंगात, डांबून बेदम मारलं, तरी त्यांनी साखळीतल्या जिवंत साथीदारांना पकडून दिलं नाही. जानेवारी १९४५च्या पहिल्या आठवड्यात चौघींना फाशी दिली, दोघींना एका पाळीच्या कामगार बायकांसमोर आणि दोघींना दुसऱ्या पाळीच्या. तीन आठवड्यांनी, २७ जानेवारीला, सोव्हिएत सैन्य छावणीत शिरलं.

हाना वाचली. पुढे कॅनडात राहिली आणि या चौघींची आठवण जागी राहावी म्हणून झटली. जेरुसलेममध्ये याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मृतिस्थळी १९९१मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं.