दुसरा बाप्तिस्मा आणि आभाराचं दान : इंदूरमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

दुसरा बाप्तिस्मा घ्यावा की नाही, यावर इंदूरमधल्या मराठी ख्रिस्ती घरांत गेली काही वर्षं सतत बोललं जातं. तान्हेपणी चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला, पुढे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) होऊन प्रभुभोजन घेऊ लागलेला मुलगा विशीत एखाद्या स्वतंत्र फेलोशिपमध्ये जायला लागतो. तिथे त्याला सांगितलं जातं की तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. आईवडील दुखावतात आणि पाळकसाहेबांकडे धाव घेतात. त्याच सुमारास घरात आणखी एक गोष्ट शिरलेली असते. आभाराचं दान म्हणून कुठल्यातरी चॅनेलवरच्या प्रचारकाला दर महिन्याला पैसे जातात आणि त्यांच्या बदल्यात येणाऱ्या आशीर्वादाची वाट पाहिली जाते. पहिल्या गोष्टीवरून भांडणं होतात, दुसरीवरून सहसा होत नाहीत. माझ्या मते विश्वासाला खरा धोका दुसरीतच आहे, आणि ख्रिस्ती मंडळीचा इतिहासही तिकडेच बोट दाखवतो.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, आणि सावधगिरी शेजारशेजारच्या वचनांत आहेत. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात मुळावलेलं राहून उपकारस्तुती करायला सांगितलं आहे आणि आठव्यात पोकळ भुलथापांच्या ताब्यात जाऊ नका म्हणून बजावलं आहे. लावदिकीया आणि हेरापली यांच्या शेजारच्या कलस्सै गावात पौलाचा सहकारी एपफ्रास याने सुवार्ता नेली होती. तिथल्या विश्वासणाऱ्यांनी पौलाला समोरासमोर पाहिलंही नव्हतं. मागून आलेले शिक्षक त्यांना खाण्यापिण्याचे नियम, सण, चंद्रदर्शन, शब्बाथ आणि देवदूतांची उपासना शिकवत होते. शिवू नको, चाखू नको, असा सगळा सूर. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हीच जातकुळी पुन्हा भेटते : लग्नाला मनाई, अमुक अन्न वर्ज्य. तिथलं उत्तर सरळ आहे. देवाने जे निर्माण केलं ते उपकारस्तुतीने घेण्यासाठी आहे. खोटं शिक्षण ओळखायची कसोटी म्हणून कृतज्ञता इथे वापरलेली आहे, हे आपल्या उपदेशांतून फार क्वचित ऐकायला मिळतं.

पुढच्या शतकात हे प्रकरण पैशापर्यंत पोचलं. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपहून रोमला आलेल्या मार्सियन नावाच्या एका श्रीमंत जहाजमालकाने तिथल्या मंडळीला 2,00,000 सेस्टर्सची देणगी दिली होती. जग निर्माण करणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं तो शिकवू लागला, तेव्हा इसवी सन 144 च्या सुमारास मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि देणगीही परत केली. एवढी मोठी रक्कम परत गेली, म्हणून ही घटना मला मोठी वाटते. 180 च्या सुमारास लियोंच्या बिशपांनी अशाच शिक्षणाविरुद्ध लिहिताना प्रभुभोजनाचा दाखला दिला. भाकर आणि द्राक्षारस आपण देवाचे आभार मानून त्याच्यापुढे ठेवतो. सृष्टी वाईट असती तर तिच्यातलं काही त्याला अर्पण कसं करता आलं असतं?

बिशपांच्या निकियाच्या पहिल्या मोठ्या सभेबद्दल इथे लिहीत नाही. 2025 मध्ये तिला 1700 वर्षं झाली, त्या निमित्ताने पुष्कळ बोलून झालं आहे. आपल्या वादाशी थेट संबंध आहे तो 381 च्या विश्वासांगीकारातल्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीतल्या, एका ओळीचा. पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा आम्ही मानतो, असं ती ओळ म्हणते. तिच्यामागे सव्वाशे वर्षांची भांडणं होती. पाखंडी मंडळीत झालेला बाप्तिस्मा खरा का, यावर 250 च्या दशकात कार्थेज आणि रोम यांच्यात कडाक्याचा वाद झाला. त्र्येकाच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही, हे 314 मध्ये आर्लच्या सभेने ठरवलं. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या योग्यतेवर तो टिकत नाही, देवाच्या वचनावर टिकतो, ही त्यामागची भूमिका.

मग 1525. झुरिकमध्ये काही तरुणांनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा नाकारला आणि प्रौढपणी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. 1527 मध्ये तिथल्या नगरसभेने त्यांच्यातल्या एकाला लिमात नदीत बुडवून मारलं. तो निकाल प्रॉटेस्टंट सुधारणावादी शहराचा होता, म्हणजे आपल्याच परंपरेच्या पूर्वजांचा. विश्वासाचं रक्षण या नावाखाली झालेलं हे पाप लपवून बालबाप्तिस्म्याची बाजू मांडता येत नाही. इंदूरच्या स्वतंत्र फेलोशिपमधली मंडळी हा दाखला देतात, तेव्हा तो मान खाली घालून ऐकावा.

1563 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये जी प्रश्नोत्तरावली छापली गेली तिचे तीन भाग आहेत : माणसाची दुर्दशा, तारण आणि कृतज्ञता. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना तिसऱ्या भागात येतात. म्हणजे आज्ञापालन हे तारण मिळवायचं साधन उरत नाही, मिळालेल्या तारणाचे आभार म्हणून ते येतं. 129 प्रश्न, वर्षाच्या 52 रविवारांत वाटलेले. चुकीच्या शिक्षणापासून राखणारं पुस्तक आणि कृतज्ञतेचं पुस्तक वेगवेगळं छापावं, असं त्या लोकांच्या मनातही आलं नाही.

कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 मध्ये मध्य भारतात आले, तेव्हा त्यांच्या हातात हायडेलबर्गपेक्षा 1640 च्या दशकातली इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टर सभेची श्रद्धेबद्दलची कागदपत्रं होती. होळकर दरबाराशी त्यांचं सुरुवातीला पटलं नाही. शहरात उपदेश करण्यावरून खटके उडाले आणि ब्रिटिश रेसिडेन्सीचा इलाखा त्यांना आधाराचा झाला. 1887 मध्ये त्यांनी इंदुरात कॉलेज सुरू केलं. शाळा, दवाखाने, रेल्वे आणि महूची छावणी यांच्या निमित्ताने मराठी ख्रिस्ती कुटुंबं इथे येत राहिली, अहमदनगरकडची आणि नागपूरकडचीही. चर्चमधली उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत, अशी सवय अनेक घरांत पडली. 1924 मध्ये उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. त्यामुळे नगरहून आलेलं काँग्रिगेशनल कुटुंब आणि इंदूरची प्रेस्बिटेरियन मंडळी एकाच छत्राखाली आली. कॅनडातल्या 1925 च्या एकीकरणानंतर माळव्याचं काम नव्या संयुक्त चर्चकडे गेलं आणि भिल्ल भागातलं काम उरलेल्या प्रेस्बिटेरियनांकडे राहिलं.

बाप्तिस्म्याचं महत्त्व किती, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती लोकांनी त्याआधीही धसास लावला होता. आपले सर्वांत लाडके कवी ना. वा. टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोघांनाही खुला असलेला ‘देवाचा दरबार’ उभारला. 1919 मध्ये ते गेले. त्यांची गीतं आपण मनापासून गातो, दरबाराचा प्रयोग मात्र मंडळीने स्वीकारला नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण त्यांच्या हेतूबद्दल शंका घेणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आता 29 नोव्हेंबर 1970. नागपूरला सहा मंडळ्यांचं एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली होती, म्हणजे चार दशकं गेली. एका मोठ्या मेथडिस्ट मंडळीने शेवटच्या वर्षी माघार घेतली. वडोद्याच्या नातेवाइकांचं चर्च वेगळं का, असं मुलं विचारतात त्याचं उत्तर तिथे आहे. जमलेल्या सहांपैकी तीन मंडळ्या बालबाप्तिस्मा देणाऱ्या होत्या : 1924 ची आपली संयुक्त मंडळी, अँग्लिकन, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. उरलेल्या तीन, म्हणजे बॅप्टिस्ट, ब्रेदरेन आणि डिसायपल्स, विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणाऱ्या. अंकलेश्वर, वलसाड, डहाणू या पट्ट्यातले ब्रेदरेन तर तीनदा बुडवून बाप्तिस्मा देत. सदस्यसंख्येत दोन्ही गट सारखे नव्हते, पण तत्त्वाच्या बाजूने पाहिलं तर तराजू समसमान होता.

एकीकरणाच्या योजनेने दोन्ही वाटा एकाच मंडळीत ठेवल्या. एका वाटेवर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून दृढीकरण. दुसऱ्या वाटेवर बाळाचं समर्पण आणि मोठेपणी, विश्वास कबूल करून, बाप्तिस्मा. दोन्ही वाटांनी आलेला माणूस सारखाच पूर्ण सदस्य. एखाद्या पाळकाची सद्सद्विवेकबुद्धी बालबाप्तिस्मा द्यायला तयार नसेल, तर त्याच्यावर सक्ती नाही. त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावं. इथपर्यंत सगळं सुटसुटीत आहे. गुंता पुढे आहे. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाने मोठेपणी पुन्हा मागितला तर काय? योजना ‘नाही’ म्हणत नाही आणि ‘हो’ही म्हणत नाही. प्रकरण बिशपांकडे पाठवावं, त्यांनी पाळकीय सल्ला द्यावा आणि निर्णय करावा, एवढंच ती सांगते.

या कलमावर तेव्हाही टीका झाली. एका बाजूचं म्हणणं, यातून दुसऱ्या बाप्तिस्म्याला दार किलकिलं राहिलं आणि 381 च्या ओळीला तडा गेला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ज्यांच्या मते तान्ह्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही, त्यांच्या दृष्टीने दुसरा असा काही नसतोच; पहिलाच व्हायचा असतो. दोघांनाही आपापल्या जागी तर्क होता. माझ्या मते कलम लिहिणाऱ्यांनी शहाणपण केलं. एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, हे त्यांनी आधी ठरवलं आणि मग नियम लिहिला. पण लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर मंडळीच्या आतला, सल्ला मानणारा, बिशपांची वाट पाहणारा सदस्य होता. शनिवारी दुपारी मंडळीला न कळवता दुसरीकडे जाऊन बाप्तिस्मा घेऊन येणारा आणि रविवारी पुन्हा आपल्याच बाकावर बसणारा मुलगा त्या कागदात नाही. त्याला प्रभुभोजन द्यायचं का, सदस्यांच्या रजिस्टरमधलं त्याचं नाव ठेवायचं का, हे प्रत्येक ठिकाणचे एल्डर (मंडळीचा कारभार पाहणारे सदस्य) आपल्या बुद्धीने ठरवत आले. कुठे मायेने, कुठे फार कठोरपणे.

1982 मध्ये पेरूमधल्या लिमाला अनेक परंपरांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेल्या मसुद्यात मात्र स्पष्ट म्हटलं आहे की बाप्तिस्मा पुन्हा करण्याची गोष्ट नाही आणि तसा अर्थ निघेल असं काही टाळावं. त्याच मसुद्यात बाप्तिस्म्याची आठवण आणि त्यातल्या वचनांची पुन्हा कबुली देण्याला जागा आहे. आपल्या मुलामुलींना बहुतेकदा हवं असतं ते हेच : आपल्या तोंडाने, आपल्या वयात, सगळ्यांसमोर प्रभूचं नाव घेणं. दृढीकरणाचा विधी आम्ही फोटो आणि जेवणावर आणून ठेवला नसता, तर त्यांना ते तिथेच मिळालं असतं.

मध्य प्रदेशात या सगळ्याला कायद्याचीही किनार आहे. 1968 पासून धर्मांतरासंबंधी कायदा आहे. 2021 च्या नव्या कायद्याने आधी 60 दिवसांची सूचना जिल्हा दंडाधिकाऱ्यांना देण्याची अट घातली. ख्रिस्ती घरातल्या मुलाचा बाप्तिस्मा हे धर्मांतर नव्हे. तरी बाप्तिस्मा या शब्दाभोवती आता इतकी सावधगिरी आहे, की मोकळेपणाने शिकवणंही कमी झालं. शिकवणं कमी झालं तिथे बाहेरचं शिक्षण शिरलं.

ते शिरलं आधी टीव्हीवरून, 2000 नंतरच्या ख्रिस्ती चॅनेलांवरून, आणि 2020 च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाल्यावर मोबाईलवरून. टाळेबंदीत अनेक घरांना त्या प्रसारणांनी धीर दिला, हे खरंच आहे आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण त्यांच्याबरोबर दुसरा एक उपदेशही आला. दान म्हणजे बी. पेराल त्याच्या कितीतरी पट मिळेल. आजार हटला नाही तर विश्वास कमी पडला. साक्षीसुद्धा त्याच साच्यातल्या, दान दिलं आणि नोकरी लागली, दान दिलं आणि व्हिसा मिळाला.

2008 आणि 2009 मध्ये घानातल्या अक्रोपाँगला आफ्रिकी ख्रिस्ती विद्वानांनी या शिक्षणावर एक निवेदन तयार केलं. देव आशीर्वाद देतो, बरं करतो, हे त्यांनी आनंदाने मान्य केलं. पैसा हे देवाच्या कृपेचं माप आहे आणि गरिबी त्याच्या नाराजीचं, हे मात्र त्यांनी नाकारलं. गरीब देशातल्या, गरिबांत काम करणाऱ्या माणसांनी हे लिहिलं, म्हणून त्याला वजन आहे.

कलस्सैच्या शिक्षकांनी माणसांना देवाच्या देणग्या घ्यायला भीती घातली होती. आताचे शिक्षक आभारालाच आगाऊ भरलेला हप्ता करून टाकतात. आपल्याकडे पहिल्या पिकाचं, पहिल्या पगाराचं, बाळंतपण सुखरूप झाल्याचं उपकारस्तुतीचं अर्पण पाकिटात घालून वेदीवर ठेवायची पद्धत होती. ती गोष्ट घडून गेल्यावर व्हायची. देवाने दिलं, म्हणून आपण दिलं. तो क्रम उलटला की खोटं शिक्षण ओळखायला कुठलीही पदवी लागू नये. पण हे शिक्षण देवाच्या स्तुतीची भाषा बोलतं, म्हणून घरातली वडीलधारी माणसंही त्याला हरकत घेत नाहीत.

1970 च्या योजनेत दुसऱ्या बाप्तिस्म्यासाठी निदान एक दार आहे : प्रकरण बिशपांकडे नेता येतं, तिथे ऐकून घेतलं जातं. दानाच्या या नव्या शिक्षणासाठी तसं काही नाही. चर्चमध्ये ठेवलेल्या पाकिटाची पावती मिळते आणि वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो. सदस्य उभा राहून विचारू शकतो की छपराचे पैसे कुठे गेले, आणि विचारतातही. मोबाईलवरून दर महिन्याला जाणाऱ्या आभाराच्या दानाबद्दल विचारायला त्याच सदस्याला कुठलीही सभा नाही. एल्डरांनी घरभेटीत याबद्दल चौकशी करावी, असं काही मंडळ्यांत सुचवलं गेलं आहे. लोकांच्या खाजगी देण्यात मंडळीने डोकवावं का, यावर तिथे एकमत झालेलं नाही.