चामड्याचा वायसर आणि दक्षिण ध्रुव

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी रॉकेलचा पितळी स्टो होता. पंप मारूनही हवा धरेना, की आजी दांडा बाहेर काढायची, टोकाचा चामड्याचा वायसर बोटांनी मळायची आणि त्याला गोडेतेल लावायची. चामडं सुकलं की आक्रसतं. नव्या चपलेला तेल पाजणाऱ्या या गावाला ते वेगळं सांगायला नको.

दक्षिण ध्रुवाच्या इतिहासातही असाच एक वायसर आहे. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉट चार साथीदारांसह १७ जानेवारी १९१२ला ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेचे रोआल अ‍ॅमुंडसेन महिनाभर आधीच, १४ डिसेंबर १९११ला, तिथं येऊन गेले होते. परतताना स्कॉटनी वाटेत साठवलेले रॉकेलचे डबे उघडले, तर तेल कमी भरलं. बुचाखालचे चामड्याचे वायसर थंडीनं कडक झाले होते आणि रॉकेल उडून गेलं होतं. तिथं रॉकेल संपलं की पाणीही संपतं, कारण प्यायचा प्रत्येक घोट बर्फ वितळवून मिळवावा लागतो. अपुरं अन्न, हिमदंश आणि वादळ हेही होतंच. पाचही जण गेले. शेवटच्या तिघांचा तंबू पुढच्या मोठ्या साठ्यापासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर होता. हे अंतर वाचून आजही जीव कळवळतो.

अ‍ॅमुंडसेननी डबे झाळून बंद केले होते. १९०३ ते १९०६च्या उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या सफरीत रॉकेल कसं झिरपतं ते त्यांनी पाहिलं होतं. तिथंच राहणाऱ्या नेटसिलिक इन्युइट लोकांकडून केसाळ कातड्याचे सैल कपडे वापरायलाही ते शिकले. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण या शिकण्यात आहे.

पुढे १९१५मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या ब्रिटिश संशोधक शॅकल्टन यांचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडलं. शॅकल्टन मदत आणायला गेले, तेव्हा एलिफंट बेटावर मागे राहिलेले २२ जण उलट्या घातलेल्या दोन होड्यांखाली साडेचार महिने राहिले. चूल पेटायची सील आणि पेंग्विनच्या चरबीवर. काजळीनं तोंडं काळी झाली, पण ३० ऑगस्ट १९१६ला सगळेच्या सगळे जिवंत सुटले.

अंटार्क्टिकाकडे पहिली भारतीय मोहीम निघाली ती आपल्या घाटाखालच्या गोव्यातूनच, ६ डिसेंबर १९८१ला. मोहिमेचे प्रमुख डॉ. कासिम यांच्यासह २१ जण ९ जानेवारी १९८२ला तिथं उतरले. आज तिथल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारतीय तळांवर हिवाळाभर माणसं राहतात. त्यांचं इंधन उन्हाळ्यातच जहाजानं पोहोचवावं लागतं. पुढचे कित्येक महिने तेवढ्यावरच काढायचे असतात.