अभ्यासिकेतले दिवे आणि अजिंक्यताऱ्याची वाट

साताऱ्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये रात्री दोनलाही दिवे चालू दिसतात. "चार तास झोप बास होते," असं तिथली मुलं अभिमानानं सांगतात तेव्हा मला त्यांची काळजी वाटते. कमी झोपेनं झालेलं नुकसान ज्याचं त्याला कळतच नाही. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही जणांना रोज सहाच तास अंथरुणात राहू दिलं. दोन आठवड्यांत त्यांचं लक्ष एक अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकं ढळू लागलं. त्यांना स्वतःला मात्र थोडी पेंग येतेय, एवढंच वाटत होतं.

दिवसभर वाचलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरतं साठतं. गाढ झोपेत त्याची उजळणी होते आणि जुन्या माहितीशी त्याचे धागे जुळतात. थोडक्यात, झोपेतही अभ्यास चालूच असतो. २००४ मध्ये जर्मनीत याचा सुंदर पुरावा मिळाला. लोकांना अंकांची कोडी दिली होती. ती झटकन सोडवायची एक युक्ती त्यांतच दडलेली होती, पण तसं कोणाला सांगितलं नव्हतं. आठ तासांनी पुन्हा बसवलं, तेव्हा मधल्या वेळात झोपलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना ती सापडली. जागे राहिलेल्यांपैकी फक्त २३ टक्क्यांना!

व्यायामासाठी तर साताऱ्याला अजिंक्यतारा किल्ला उशाशीच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४च्या अभ्यासात चालताना लोकांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. खाली बसल्यावरही हा परिणाम काही वेळ टिकला. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यांत चालणारे किंचित मागे पडले. म्हणून मी मुलांना सांगतो, बहुपर्यायी प्रश्न टेबलाशीच सोडवा. निबंधाचा मुद्दा अडला, तर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत आपल्या चालीनं जाऊन या.

आहाराचं म्हणाल, तर शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के. तिथवर प्राणवायू पोचवायला रक्तात लोह हवं. ते कमी पडलं की लक्ष लागत नाही, आणि मुलींमध्ये ही उणीव फार दिसते. आपल्या कोरेगावच्या घेवड्यात लोह आहे. वर लिंबू पिळलं तर ते अंगी चांगलं लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातलं टॅनिन तेच लोह अडवून ठेवतं.

चहाची दुसरी अडचण रात्रीची. दिवसभरात मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोप येऊ लागते. कॅफिन त्याचीच जागा अडवतं. ते अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाला टपरीवर घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही अंगात असतं.