मृत्युपत्रावर न अडणारं भांडण: गोव्यातल्या भावंडांच्या कादंबरीची पार्श्वभूमी

गडगंज घर आणि एकमेकांचं तोंड न बघणारी भावंडं, अशी कादंबरी पुण्या-मुंबईचा वाचक हातात घेतो तो मृत्युपत्राची वाट बघतच. कथानक गोव्यातलं असेल तर त्याचा हिरमोड ठरलेला. १८७० पासून इथे पोर्तुगीज नागरी संहिता आहे. वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर निम्मी मालमत्ता बायकोची होते. बापाच्या निम्म्यातला अर्धाच भाग त्याला मर्जीप्रमाणे देता येतो. बाकीचा मुलांचा, घर सोडून गेलेल्याचासुद्धा, आणि मुलीला मुलाइतकाच. मोजकी गंभीर कारणं सोडली तर बेदखल करणं नाही.

गोवा मुक्तीनंतर पैशाचं रूप पालटलं. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, शेतं कुळांकडे गेली आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण मिळालं. खाणवाल्यांचं वैभव टिकलं, पण २०१२ मध्ये खाणीही थांबल्या. म्हणून अलीकडच्या कथानकात भांडायला उरतं ते राजांगणाचं घर, एखादं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि किनाऱ्याजवळची, भाव गगनाला भिडलेली जमीन.

खरा पेच इन्व्हेंटरीचा, म्हणजे मृत्यूनंतर कोर्टात होणाऱ्या वाटणीच्या कारवाईचा. कुटुंबप्रमुख कोर्टात शपथेवर यादी देतो: जमिनी, सोनं, तांब्याची भांडी, सगळं. पक्षकारांत सुना-जावईही असतात. एकमत झालं नाही की वारसांतच बोली लागते. बाहेरच्याला बोली लावता येत नाही. ज्याची बोली चढी त्याला घर मिळतं, आणि इतरांच्या वाट्याचे पैसे त्याने मोजायचे. घर घराण्यातच राहतं आणि किंमतही खरी लागते, असं या पद्धतीचं समर्थन करतात. कागदावर ते बिनतोड आहे. प्रत्यक्षात लिस्बनला किंवा लंडनला कमावणारा भाऊ आकडा वाढवत नेतो. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी कौलं शाकारून घेणारी, आईचं दुखणंखुपणं काढणारी बहीण पैसे घेऊन बाहेर पडते. तिच्या त्या वर्षांना यादीत रकाना नाही. हे मला न्यायाचं वाटत नाही. कादंबरीकाराला मात्र यापरता प्रसंग कुठे मिळायचा! एका खोलीत, वकिलांसमोर, वर्षानुवर्षं न बोललेली भावंडं शेवटी आकड्यांत बोलतात.

२०१२ मध्ये विधानसभेने वारसा आणि इन्व्हेंटरीचा नवा कायदा केला, तो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. बोलीची पद्धत त्यातही राहिली. मग २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोमंतकीयाची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. थोरल्याने मुंबईचा फ्लॅट गुपचूप बाजूला ठेवला आणि तंटा मिटला, असा शेवट आता लिहायचा तर धाकट्यांचा वकील अगदीच कच्चा दाखवावा लागेल.