लॅमिनेटची फरशी: पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत

लाकडासारखी दिसणारी फरशी घ्यायला दुकानात गेले की आधी रंग दाखवले जातात, मग जाडी सांगितली जाते आणि शेवटी चौरस फुटाचा दर. गिऱ्हाईकही बहुतेक वेळा याच क्रमाने निर्णय घेते. प्रत्यक्षात लॅमिनेटची फरशी किती वर्षे टिकेल हे रंग किंवा जाडी यांपेक्षा फार वेगळ्या गोष्टींवर अवलंबून असते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत चपला दाराबाहेर काढल्या जातात, पण लादी मात्र रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. म्हणून या फरशीला आपल्या घरात झिजेपेक्षा पाण्याचे भय कितीतरी अधिक आहे, आणि खर्चाची आखणी हे भय समोर ठेवूनच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

ही फरशी म्हणजे अखंड लाकूड नव्हे. स्वीडनमधील पर्स्टॉर्प या कंपनीने १९७७ मध्ये ती विकसित केली, आणि तिचे मूळ तंत्र स्वयंपाकघरातल्या कपाटांवर आपण ‘सनमायका’ म्हणून ओळखतो त्याच घराण्यातले आहे. फळीचा गाभा असतो लाकडाच्या बारीक तंतूंचा. हे तंतू राळेसह उष्णता आणि दाब देऊन इतके आवळले जातात की गाभ्याची घनता घनमीटरला सुमारे ८०० ते ९०० किलोग्रॅमपर्यंत पोहोचते, म्हणजे सागवानापेक्षाही तो जड होतो. त्यावर लाकडाच्या रेषांचे छायाचित्र छापलेला कागद, त्यावर मेलामाइन राळेत भिजवलेला पारदर्शक थर, आणि फळी वाकू नये म्हणून तळाशी तोल राखणारा आणखी एक थर असतो. वरची नक्षी छापील असल्यामुळे ही फरशी खऱ्या लाकडाप्रमाणे रंधून किंवा पॉलिश करून पुन्हा नवी करता येत नाही. वरचा थर फाटला की ती फळी बदलावीच लागते.

त्या पारदर्शक थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. निसर्गात हेच द्रव्य कुरुंद म्हणून सापडते. मोहस् यांच्या काठिण्यमापनात कुरुंदाचा क्रमांक ९ आहे, तर रस्त्यावरच्या वाळूत मुबलक असणाऱ्या गारगोटीचा ७. बुटांच्या तळव्याला चिकटून येणारी वाळू साध्या वार्निशला ओरखडते, पण कुरुंदाला ती सहसा ओरखडू शकत नाही. हा थर किती टिकाऊ आहे हे ‘एसी’ या अक्षरांपुढील आकड्यावरून कळते. युरोपीय मानकातील चाचणीत पॉलिशपेपर लावलेली छोटी चाके फळीच्या तुकड्यावर फिरवली जातात आणि नक्षी झिजू लागेपर्यंत किती फेरे झाले ते मोजले जातात. एसी ३ साठी हे फेरे साधारण २,००० च्या वर लागतात, एसी ४ साठी किमान ४,०००, आणि एसी ५ साठी सुमारे ६,०००. यातला एसी ५ हा दर्जा वर्दळीच्या दुकानांसाठी व कार्यालयांसाठी ठरवलेला आहे. अनवाणी वावर असलेल्या झोपण्याच्या खोलीत एसी ३ पुरेसा होतो, आणि बैठकीच्या खोलीत किंवा चाकांची खुर्ची फिरते अशा अभ्यासिकेत एसी ४ घेतला की काम भागते. त्याहून वरच्या दर्जासाठी मोजलेले पैसे घरगुती वापरात क्वचितच वसूल होतात.

आता पाण्याकडे वळू, कारण खरा विषय तोच आहे. लाकडातील सेल्युलोजच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हवेतला ओलावा वाढला की तंतू पाणी घेऊन फुगतात, हवा कोरडी झाली की पाणी सोडून आकसतात. साध्या लाकडाची ही ये-जा बरीचशी उलटता येण्याजोगी असते, म्हणूनच पावसाळ्यात घट्ट बसणारे दार दिवाळीनंतर पुन्हा सैल होते. दाबून तयार केलेल्या गाभ्याचे तसे नाही. त्याचे तंतू कारखान्यात चपटे दाबून राळेने जखडलेले असतात. द्रवरूप पाणी आत शिरले की तंतू फुगतात, राळेची काही बंधने तुटतात आणि दाबलेले तंतू मूळच्या जाडीकडे उसळी घेतात. फळी नंतर वाळली तरी ही उसळी मागे जात नाही. सांध्याच्या दोन्ही काठांवर जी उभट कड आलेली दिसते आणि कितीही वाळवली तरी बसत नाही, तिचे कारण हे आहे. मानकातल्या चाचणीत नमुना २४ तास पाण्यात ठेवून जाडी किती वाढते ते पाहतात आणि अधिक वापराच्या वर्गांसाठी ही वाढ १८ टक्क्यांवर जाऊ नये अशी मर्यादा प्रचलित आहे. म्हणजे ८ मिलिमीटरची फळी चाचणीत उत्तीर्ण होऊनही सुमारे दीड मिलिमीटर फुगलेली असू शकते. पायाला ठेच लागायला एवढी कड पुरते.

वरचा मेलामाइनचा थर पाणी आत जाऊ देत नाही, तेव्हा पाणी शिरते ते सांध्यांतून. एकमेकांत अडकणारा बिनगोंदाचा सांधा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आला आणि बसवण्याचे काम फार सोपे झाले, पण तो सांधा कापताना गाभा उघडा पडतो. म्हणून फळी निवडताना माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा की सांध्याच्या कडांना मेणाचा किंवा पाणीरोधक लेप आहे का, आणि २४ तासांच्या चाचणीतला फुगवटा किती टक्के आहे. हा आकडा चांगल्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. तो १८ ऐवजी ८ किंवा १० असेल तर त्यासाठी जास्त दर देणे योग्य आहे. ८ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर घेतल्याने फळी अधिक ताठ होते आणि चालताना येणारा पोकळ आवाज कमी होतो, हे खरे. पण जाडीमुळे ती पाण्याला अधिक तोंड देते असे नाही. खालची लादी सपाट असेल तर वाढीव जाडीवरचा पैसा चांगल्या सांध्याकडे वळवावा.

हवेतल्या ओलाव्याने फळी लांबी-रुंदीतही थोडी बदलते. एका फळीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, मात्र सर्व फळ्या एकमेकांत अडकून एकच मोठे पाट तयार झालेले असल्याने तो साठत जातो आणि तीन-चार मीटरच्या खोलीत काही मिलिमीटरपर्यंत पोहोचतो. त्यासाठी भिंतीलगत सर्व बाजूंनी ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकायची असते. फरशी खाली चिकटवायची नाही, खिळायची नाही, आणि तिच्यावर भिंतीला जखडलेले जड कपाटही उभे करायचे नाही, कारण मग ती एका टोकाला अडकते आणि मधोमध उचलली जाते. हॉल, पॅसेज आणि खोल्या मिळून ८ ते १० मीटरपेक्षा लांब सलग पट्टा होत असेल तर दारात पट्टी घालून तो तोडावा. घरभर एकसंध दिसावे म्हणून पुष्कळ जण ही पट्टी नाकारतात आणि दोन पावसाळ्यांत फरशी फुगून वर येते.

बसवण्याचा हंगामही याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. विदर्भात मे महिन्यात हवा अत्यंत कोरडी असते, कोकणात जुलैत ती जवळजवळ संपृक्त असते. कोरड्या हवेत गच्च बसवलेली फरशी पावसाळ्यात जागा मागते, आणि भर पावसात बसवलेली फरशी हिवाळ्यात सांध्यांवर फटी दाखवते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ दोन्ही टोकांच्या मधला असल्याने शक्य असेल तर तो निवडावा. कोणत्याही महिन्यात काम काढले तरी बॉक्स न उघडता, आडवे, त्याच खोलीत ४८ तास ठेवावेत, म्हणजे फळ्यांना त्या खोलीच्या हवेशी जुळवून घेता येते. काम उरकण्याच्या घाईत सर्वाधिक वेळा गाळली जाणारी पायरी हीच आहे.

खालून येणारा ओलावा दिसत नाही, त्यामुळे तो अधिक धोक्याचा. नव्या काँक्रीटमधले पाणी निघून जायला महिने लागतात, आणि तळमजल्यावर जमिनीतला ओलावा केशाकर्षणाने वर चढत राहतो. तो तपासायला उपकरण लागत नाही. साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा लादीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि किमान १६ तासांनी पाहावे. आत पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा भाग गडद झाला, तर फरशी बसवण्याची वेळ आलेली नाही. चाचणी कोरडी आली तरी फळ्यांखाली अंथरल्या जाणाऱ्या मऊ फोमच्या खाली ०.२ मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा कागद कडा एकमेकांवर चढवून अंथरावा. हा सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि दरपत्रकात बहुतेकदा तोच नसतो. ज्या घरात वाळवीचा इतिहास आहे तिथे आधी वाळवीप्रतिबंधक उपचार करून घ्यावेत, कारण गाभा शेवटी लाकडाचाच आहे.

स्वयंपाकघर, मोरीलगतची जागा आणि पावसाचे शिंतोडे येणारी बाल्कनी इथे लॅमिनेट लावू नये. लाकडी रूपच हवे असेल तर तिथे दगडी भुकटी आणि प्लॅस्टिक यांपासून केलेल्या एसपीसी फळ्या वापराव्यात. त्यांच्या गाभ्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि पीव्हीसी असल्याने त्या पाण्याने फुगत नाहीत. आणखी एक प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. लाकूडतंतू उष्णतेचे मंदवाहक असल्याने ही फरशी पायाला उबदार लागते, तर शहाबादी किंवा टाइल तळव्याची उष्णता झटकन ओढून घेते. नाशिकच्या थंडीत ही ऊब सुखाची वाटते. ज्यांना उन्हाळ्याच्या दुपारी गार लादीवर पडायची सवय आहे, त्यांना ती नकोशी होऊ शकते.

गाभा बांधणाऱ्या राळेतून फॉर्माल्डिहाइड हा वायू थोडाथोडा बाहेर पडतो आणि उष्ण-दमट हवेत त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या गटात घातले. खोलीतली तीव्रता फरशीचे क्षेत्रफळ आणि खोलीतल्या हवेचे आकारमान यांच्या गुणोत्तरावर, म्हणजे एका अर्थी छताच्या उंचीवर, अवलंबून असते. २०१६ मध्ये अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने काही लॅमिनेट फरश्यांपासूनच्या धोक्याचा अंदाज प्रसिद्ध केला तेव्हा छताची उंची फुटांतून मीटरमध्ये बदलायची राहून गेली. चूक सुधारल्यावर कर्करोगाचा अंदाजित धोका लाखात २ ते ९ वरून लाखात ६ ते ३० वर गेला. हा प्रश्न किती गंभीरपणे घ्यायचा ते त्या दुरुस्तीवरून समजते. बॉक्सवर किमान ‘ई १’ हा उत्सर्जनवर्ग छापलेला असावा, आणि लहान मुलांच्या किंवा दमेकऱ्यांच्या खोलीत त्याहून कमी उत्सर्जनाची फळी घ्यावी. बसवल्यावर पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता हिशेब. १० फूट बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. सरळ बसवणीत कापाकापीपोटी ८ टक्के धरले तर माल १२९.६ चौरस फूट लागतो. १,३८० बाय १९३ मिलिमीटरच्या ८ फळ्यांचा बॉक्स असेल तर त्यात सुमारे २२.९ चौरस फूट माल असतो, आणि बॉक्स फोडून मिळत नाही. म्हणजे ६ बॉक्स घ्यावे लागतात आणि पैसे १३७ चौरस फुटांहून अधिक मालाचे भरावे लागतात. दर १२० रुपये मानला तर मनात धरलेले १४,४०० रुपये तिथेच सुमारे १६,५०० होतात. अशाच तीन खोल्या एकदम केल्या तर १८ ऐवजी १७ बॉक्स पुरतात, म्हणून एकाच रंगात अधिक खोल्या करणे थोडे किफायतशीर पडते. फळ्या तिरप्या बसवायच्या असतील तर मात्र कापाकापीचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाते.

फळ्यांवर मग फोम, प्लॅस्टिकचा कागद, मजुरी आणि वाहतूक चढते. स्कर्टिंग चौरस फुटावर नव्हे तर रनिंग फुटावर मोजले जाते. वरच्या खोलीचा घेर ४४ फूट, त्यातून दाराचे ३ फूट वजा केले की ४१ फूट. दारातल्या पट्ट्या वेगळ्या. फळी आणि फोम मिळून जमीन साधारण १० मिलिमीटरने वर येते, त्यामुळे दारे खालून तासायला सुतार लागतो. जुनी टाइल घट्ट आणि सपाट असेल तर ती फोडू नये, त्यामुळे तोडणीचा आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च वाचतो. सपाटी पाहायला दोन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवावी, आणि खाली ३ मिलिमीटरपेक्षा मोठी पोकळी दिसल्यास ती आधी भरून घ्यावी, नाहीतर प्रत्येक पावलाला सांधा खाली-वर होऊन शेवटी मोडतो. ही उणीव झाकायला फोमचे दोन थर घालण्याचा सल्ला काही फिटर देतात. तो ऐकू नये, कारण मऊ थर वाढला की सांध्याची हालचाल आणखी वाढते. दरपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात यांतली प्रत्येक बाब, तसेच दर जीएसटीसह आहे की त्याशिवाय, हे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे.

सर्व बॉक्सवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, हे माल उतरवतानाच पाहावे, कारण छपाईच्या दोन खेपांत रंगाची छटा बदलू शकते. उरलेल्या पूर्ण फळ्या परत करू नयेत. कंपन्या काही वर्षांत नक्षी बंद करतात, आणि पुढे एखादी फळी फुगली तर भिंतीच्या बाजूने सांधे सोडवत तिच्यापर्यंत जाऊन ती बदलता येते, पण त्यासाठी त्याच नक्षीची आणि त्याच सांध्याची फळी हाताशी असावी लागते. त्या फळ्या माळ्यावर आडव्या ठेवाव्यात. उभ्या टेकवून ठेवल्या तर त्या वाकतात आणि नंतर सांध्यात बसत नाहीत.