सोलापुरात बांधलेल्या शिडाच्या नौकेने परदेश सफर: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

नौका पूर्ण झाली की मग कागदपत्रांकडे बघू, हा स्वतः नौका बांधणाऱ्यांना सर्वात महाग पडणारा समज. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये हल (नौकेचं बाहेरचं कवच) तयार होऊन त्यावर डेक बसला, आतून अस्तर लागलं, की सर्व्हेअरला, म्हणजे नोंदणीसाठी नौका तपासणाऱ्याला, पाहायचं असतं ते सगळं झाकलेलं असतं. बल्कहेड (आतली आडवी भिंत) हलला कसा जोडला, चेनप्लेटखाली (डोलकाठीचे ताण जिथे बांधतात त्या पट्टीखाली) किती जाडीचा आधार दिला, कील (तळाखालचा जड भाग) धरणाऱ्या कील-बोल्टभोवती काय आहे, यातलं काहीच दिसत नाही. मग अस्तर कापून दाखवावं लागतं. म्हणून पहिला अर्ज आणि सर्व्हेअरशी पहिलं बोलणं आराखडा ठरल्यावरच करावं. हल उलटा असताना, डेक बसण्याआधी आणि कील जोडताना, अशा निदान तीन टप्प्यांवर तपासणी ठरवावी. सर्व्हेअरच्या मुंबईहून सोलापूरला येण्याजाण्याचा खर्च अर्जदारावर पडतो, तो अंदाजपत्रकात आधीच धरावा.

पात्रता

भारतीय झेंड्याखाली नोंदणीसाठी मालक भारतीय नागरिक किंवा भारतात नोंदलेली कंपनी अथवा संस्था असावी लागते. १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्यात जहाजाच्या मालकीचे दहा भाग धरले जातात. चार मित्र मिळून नौका बांधत असतील तर कोणाचे किती भाग, हे लेखी ठरवूनच अर्ज करावा. संसदेने २०२५मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेले जुने नमुने न भरता चालू नमुने थेट मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडून (जहाजांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) घ्यावेत.

इथे एक गल्लत नेहमी होते. शीड आहे म्हणून मचवे-गलबतांसाठी असलेल्या ‘सेलिंग व्हेसल’च्या नोंदणीकडे लोक वळतात. १९५८च्या कायद्याने त्या व्याख्येतून हौशी नौका वगळल्या आहेत. शिवाय १५ नेट टनांपर्यंतच्या, केवळ भारतीय किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजांना नोंदणीतून सूट होती, तीही तुमच्या कामाची नाही. परदेशी बंदरात नोंदणी प्रमाणपत्राशिवाय नौकेला राष्ट्रीयत्वच नसतं. उजनीवर चाचणी घ्यायची असेल तर जलसंपदा खात्याची परवानगी आणि अंतर्देशीय जहाजांची नोंदणी हा वेगळा विषय आहे. तो कागद समुद्रावर चालत नाही.

नोंदणीचा क्रम

आपल्या बाजूचं सोयीचं नोंदणी बंदर मुंबई. नावाचे दोन-तीन पर्याय देऊन मंजुरी घ्यायची. मग मोजणी होते. इथला टन म्हणजे वजन नव्हे, बंदिस्त जागेचं माप आहे. पाच टन वजनाच्या नौकेचे नेट टन त्याहून बरेच वेगळे येतात, त्यात चूक नसते. त्यानंतर मालकीचं घोषणापत्र आणि बिल्डर्स सर्टिफिकेट (नौका कोणी, कुठे बांधली याचा दाखला) दाखल करायचं. मग ‘कार्व्हिंग अँड मार्किंग नोट’, म्हणजे नौकेवर काय कोरायचं याची चिठ्ठी, मिळते. तिच्याप्रमाणे अधिकृत क्रमांक व टनेज नौकेवर कायमचं कोरायचं, नाव आणि नोंदणी बंदर लिहायचं आणि सर्व्हेअरची सही घेऊन नोट परत करायची. स्टिकर चिकटवलेला चालत नाही. फायबर किंवा लाकडी नौकेत कोरण्यासाठी एखादा मुख्य बीम उघडा राहील, अशी सोय आराखड्यातच ठेवा.

बिल्डर्स सर्टिफिकेटवर बांधणारा आणि मालक एकच असतो, त्यामुळे पुराव्याला महत्त्व येतं. बांधणीचं ठिकाण शेडच्या भाडेकरारातल्या पत्त्याशी जुळलं पाहिजे. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, पॅन आणि बिलांवर एकच हवं. सर्वात जास्त घोळ बिलांत होतो. जीएसटीचा परतावा मिळतो म्हणून रेझिन, प्लायवूड, इंजिन भावाच्या किंवा स्वतःच्या फर्मच्या नावावर घेतलं, की कागदोपत्री नौकेतला माल फर्मचा होतो आणि घोषणापत्रात तुम्ही मालक! एकतर सगळं वैयक्तिक नावाने घ्या, नाहीतर नौकाच फर्मच्या नावावर नोंदवा. जुनं आयात इंजिन असेल तर बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कस्टम्स कागदाची) प्रत मागून घ्या.

बिलांबरोबर बांधणीची वही ठेवा. मरीन प्लायवर आयएस ७१०चा (मरीन प्लायवूडचं भारतीय मानक) शिक्का असेल तर त्याचा फोटो, रेझिन-हार्डनरचे बॅच नंबर, कोणत्या तारखेला किती थर दिले, त्या वेळचं तापमान आणि आर्द्रता. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये चाळिशीच्या वर पारा असतो. तिथे इपॉक्सी रेझिनचा कामाचा वेळ दर दहा अंशांमागे जवळपास निम्मा होतो आणि डब्यातच धूर निघतो. स्लो हार्डनर, उथळ ट्रे आणि पहाटेचं काम, हे वहीत दिसलं तर सर्व्हेअरचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

समुद्रापर्यंत नेणं

मोटार वाहन नियमांत रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. दहा मीटरच्या नौकेची रुंदी सहज सव्वातीन मीटर भरते, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गोची (मर्यादेबाहेरच्या आकाराच्या मालाची) परवानगी आलीच. कील सुटी नेल्यास उंची आटोक्यात राहते, पण मग ती जोडताना बंदरावर सर्व्हेअर पुन्हा हजर हवा. रत्नागिरीला न्यायचं ठरवलं तर ट्रेलर आंबा घाटातल्या वळणांत बसतो का, हे आधी रिकाम्या ट्रेलरवर तपासून घ्या.

रेडिओ

नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओ सेटसाठी दूरसंचार विभागाचा परवाना आणि चालवणाऱ्याचं ऑपरेटर प्रमाणपत्र लागतं. भारतीय नौकेचा एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख क्रमांक, ४१९ने सुरू होतो. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत इशारा देणारं उपकरण) भारताच्या संकेताने प्रोग्रॅम करून बंगळुरूच्या इस्रो केंद्रातल्या मिशन कंट्रोल सेंटरकडे नोंदवायचा. परदेशातून मागवलेल्या ईपर्बमध्ये दुसऱ्या देशाचा संकेत राहिला तर इशारा आधी त्या देशाकडे जातो. इरिडियम, थुराया हे उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं खिशातलं उपकरण परवानगीशिवाय भारतात जवळ बाळगणं गुन्हा आहे. परदेशी खलाशी या कारणाने अडकले आहेत. परवानगी घेऊन इन्मारसॅटची उपग्रह सेवा वापरणं हाच सरळ मार्ग.

माणसांचे कागद

पासपोर्ट सोलापुरातूनच होतो, विभागीय कार्यालय पुणे. ३६ऐवजी ६० पानांचा घ्या. बंदरागणिक शिक्के पडतात. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेकडे जायचं असेल तर पीतज्वराची लस लागते, प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. नौकानयन येत असल्याचा दाखला अनेक देशांत मागतात. मान्यताप्राप्त शाळेचा स्किपर अभ्यासक्रम पूर्ण केलेला बरा, विम्यालाही तोच उपयोगी पडतो. घरी बांधलेल्या नौकेचा विमा सर्व्हे रिपोर्टशिवाय कोणी उतरवत नाही. युरोपात ती पुढे विकायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, स्वतःसाठी बांधलेल्या नौकेला सीई (युरोपातल्या सुरक्षा मानकांच्या) नियमांतून मिळणारी सूट, वापर सुरू झाल्यापासून पाच वर्षांत बाजारात आणली तर जाते.

निघताना

मेअखेर ते ऑगस्टअखेर किनारा बंदच समजा. डिसेंबर ते मार्च हा चांगला काळ. निघण्याआधी कस्टम्सकडे क्रू-लिस्ट, सामानाची यादी आणि नोंदणीची मूळ प्रत द्यावी लागते. कस्टम्स कायदा, १९६२च्या कलम ४२प्रमाणे लेखी आदेशाशिवाय नौका सोडता येत नाही. मग इमिग्रेशनचा शिक्का. शिक्का पडला की तुम्ही देशाबाहेर गेलेले असता, त्यामुळे वाटेत गोव्याला पाणी भरायला थांबायचं नाही. मालदीवकडे जाणाऱ्यांनी मुंबईत क्लिअरन्स (देश सोडण्याची परवानगी) घेण्याची घाई करू नये. किनाऱ्याने कोचीपर्यंत जावं, बोळगट्टीच्या मरीनात (नौका बांधून ठेवण्याच्या धक्क्यावर) रिगिंग, म्हणजे डोलकाठीचे दोर-तारा, आणि कील-बोल्ट पुन्हा तपासावेत आणि बाहेर जाण्याचे सोपस्कार तिथल्या कस्टम्स-इमिग्रेशनकडे करावेत.